बीळ ढासळू नये म्हणून

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सरड्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या सरदाराच्या पोटात अंडी आहेत."

"अहो, तो नर आहे!" शिवणवाल्या मावशी म्हणाल्या. "नर म्हणूनच तर मुलानं आणला."

"मादी आहे. अंड्यांना नर लागत नाही, कोंबडीसारखंच. पण खणायला माती मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून बसते. शनिवारी दहापर्यंत वाट बघू. नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्या अशक्त जिवाची मी खात्री देत नाही."

"कसली माती घालू?"

"बीळ टिकेल अशी. बाकी काही नको."

तो गुरुवार होता. हातभर लांबीचा तो सरडा टॉवेलात गुंडाळून मावशी घरी निघाल्या, पण डोळ्यांपुढे मुलगाच होता. सव्वीस वर्षांचा लेक गेल्या वर्षी अंथरुणातून उठेनासा झाला होता. आंघोळ नाही, बोलणं नाही. उठायचा तो फक्त सरदाराला खायला घालायला. आता तो मनाच्या आजारावरच्या केंद्रात होता. मागच्या फोनवर मावशींनी "सरदार ठणठणीत आहे" असं ठोकून दिलं होतं. तो परत येईल तेव्हा सरदाराची काचेची पेटी रिकामी असली तर? त्यापुढचा विचार करायचा त्यांना धीर होत नव्हता.

पेटीत खाली नुसते कागद अंथरलेले होते. आठ दिवस सरदार कोपऱ्यात काच खरवडत होती, आणि मावशी समजत होत्या की तिला बाहेर फिरायचंय.

प्राण्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं लाकडाचा भुसा दिला. "सगळे हाच नेतात." त्या भुशात सरदारानं दोनदा पाय मारले आणि सोडून दिलं. शुक्रवारी सकाळी मावशींनी नारळाचा भुसा भिजवून घातला. तिनं वीतभर खणलं, वरचा भाग तिच्याच पाठीवर बसला. पुन्हा खणलं, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा ती मागं सरकली आणि डोळे मिटून पडली. अंग काळपट पडलं होतं.

मावशी परत दुकानात धावल्या. आता दुकानदारानं बारीक रंगीत वाळू पुढं केली. मावशींनी बोट खुपसून पाहिलं, भोक लगेच बुजलं.

"बाई, एवढं काय? गेला तर दुसरा आणा," तो म्हणाला.

पिशवी तिथंच ठेवून मावशी बाहेर पडल्या. घरासमोर नवी इमारत बांधायला घेतली होती, तिथं वाळूच्या ढिगापाशी त्या मटकन खाली बसल्या.

"मावशी, पडलात का?" बांधकामावरच्या मिस्त्रीनं विचारलं. त्याचे शर्ट त्याच शिवायच्या.

नाक पुसत त्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्रीला आधी हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून त्यानं ते आवरलं.

"नुसती वाळू उभी राहत नाही, मावशी. नुसती चिकणमाती वाळली की दगड होते. पायाच्या खड्ड्यातली खालची माती घेऊ. तिच्यात खत नाही, सिमेंट नाही. थोडी धुतलेली वाळू मिसळू."

त्यानं मिश्रण कालवलं. मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे आणि पाणी मात्र गळता कामा नये, असं सांगून तो पुन्हा पुन्हा मूठ वळून बघत राहिला. शेवटी बादलीत माती ठोकून बसवली, झाडूचा दांडा आडवा खुपसला आणि हळूच बाहेर ओढला. भोक तसंच राहिलं. मावशींनी वाकून त्या भोकात पाहिलं आणि मिस्त्रीचा हात घट्ट धरला.

दोघांनी घमेली वर नेली, खडे वेचले आणि पेटी कोपरभर उंचीपर्यंत भरली. मावशींनी मुठीनं बिळाची सुरुवात करून दिली.

शनिवारी सकाळी सहाला शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. सातला तेही दिसेना. नऊ वाजले तरी आत हालचाल नव्हती. मावशींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"उकरून काढू का? दहाला घेऊन येते."

"हात लावू नका. जिवंत असेल तर तिचं काम चाललंय."

"आणि नसेल तर?"

"तर मीही काही करू शकणार नाही."

मावशी काचेला तळवा लावून जमिनीवर बसल्या. दहा वाजले. अकरा वाजले. उकरायला त्यांचे हात शिवशिवत होते, म्हणून त्यांनी दुसरा हात मांडीखाली दाबून धरला. आपणच तिला जिवंत गाडलं, असं त्यांना वाटायला लागलं.

साडेअकराला माती हलली. आधी नाक आलं, मग डोकं. सरदार बाहेर आली तेव्हा कुशी आत गेल्या होत्या, कातडी लोंबत होती. तशाही अवस्थेत ती वळली आणि डोक्यानं ढकलून ढकलून तिनं बीळ बुजवलं. मग मावशींनी धरलेल्या चमच्यातलं पाणी तिनं चाटलं, पुन्हा चाटलं.

ती दिव्याखाली झोपल्यावर मावशींनी बोटांनी माती उकरली आणि अंडी मोजली. मग मातीच्या हातांनीच तोंड झाकून त्या इतक्या मोठ्यानं रडल्या की मिस्त्री जिना चढून धावत आला.

"गेली का हो?" तो दारातच थबकला.

"नाही," मावशी हुंदके देत म्हणाल्या. "तेवीस घातली."