पाडायला आलेल्याची कॉफी

नाटकवाल्यांना खरेपणाचा भारी सोस. वुकाशिन म्हणून त्यांचा दिग्दर्शक आहे, भर उन्हातसुद्धा शाल गुंडाळून फिरतो. त्याने सावा नदीकाठच्या आमच्या वस्तीतून माझी जुनी शेगडी उचलली, दोन पत्रे उचलले आणि मग मलाही उचललं. म्हणाला, "पेरसा मावशी, स्टेजच्या कोपऱ्यात नुसतं बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. हललात तर दुसरी मावशी आणीन."

हिवाळाभर रोज संध्याकाळी ऊब आणि वर गरम सूप. नुसतं बसायला माझ्या बापाचं काय जातंय?

नाटक आमच्यासारख्यांचंच. झोपडी पाडायला महापालिकेचा माणूस येतो, बाई रडते, झोपडी पडते. बाईचं काम इसिदोरा करते. गोड पोरगी, पण रीतभात शून्य. तालमीत तो माणूस, म्हणजे ओग्न्येन, दारातून आत यायचा आणि ही बया थेट रडायलाच लागायची. अगं, आधी त्याला बस तरी म्हण. आमच्याकडे कॉफी दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, मग आलेला सोयरा असो नाहीतर बुलडोझरवाला. तालमीत मी कशीबशी गप्प राहिले.

पहिल्या प्रयोगाला मात्र घात झाला. वुकाशिनने शेगडी खरीच पेटवलेली, वर पाणी उकळत ठेवलेलं, फळीवर कॉफीचा डबाही खराच. ओग्न्येन आत आला, तो खांद्यावर कापसाचा बर्फ घेऊन. माझा जीव कळवळला आणि मी उठलेच.

"बस बाबा," म्हटलं. "साखर किती?"

"एक चमचा," म्हणाला आणि बिचारा बसलाही.

इसिदोरा रडायची थांबली. विंगेत वुकाशिन शाल चावायला लागला. लोक खो खो हसत होते. गेली ऊब, गेलं सूप.

ओग्न्येनने घाईत मोठा घोट घेतला, जीभ पोळली आणि पुढचं वाक्यच विसरला. "मावशी..." एवढंच म्हणाला आणि कप धरून बसून राहिला.

आता याला सावरायला हवं, नाहीतर दोघंही घरी. मी त्याच्या कानाशी वाकले, पण माझं कुजबुजणं शेवटच्या रांगेला ऐकू जातं. "अरे, म्हण ना: मावशी, कॉफी छान झाली. माझ्या हातात काही नाही. एक तास देतो. शेगडी आधी बाहेर काढा, नंतर ती पत्र्यांखाली चेपते."

हसणं बंद झालं. नाटकात असलं वाक्य नव्हतंच म्हणे. मला काय ठाऊक? माझ्याकडे पाडायला जो जो आला, तो हेच म्हणाला.

विंगेतून वुकाशिन दोन्ही हातांनी 'चालू द्या, चालू द्या' करत होता. म्हणजे माझं काम शाबूत. पण ओग्न्येन काही उठेना.

"मावशी, तुमची कॉफी पिऊन मला नाही जमणार पाडायला."

"जमतं रे," मी त्याची पाठ थोपटली. "त्या सगळ्यांना जमलं."