बटण लावता लावता

"आतोबा, हे आधी ऐका," म्हणत भाचीने माझ्या कानांवर हेडफोन चढवला.

पंपघर बुडालं ती माझी गोष्ट तिने परवा आमच्या स्वयंपाकघरात पॉडकास्टसाठी रेकॉर्ड केली होती. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले, पण नाव झालं ते या गोष्टीने. दर सांगण्याला त्यातलं पाणी हातभर चढायचं. यंदा त्यात मगर सोडायचा बेत होता, तेवढी राहून गेली.

"तुमचा आवाज फाटत होता, तो खाली घेतला. पंख्याची घरघर काढली. बारीक होतं ते वर ओढलं. आता सगळं एका पातळीत आलंय."

मी गरजत होतो, "कुणी पुढे होईना! मग मीच उतरलो काळ्या पाण्यात आणि झडप बंद केली!"

इथे मी दम घ्यायला थांबलो होतो. त्या फटीत आमच्या हिचा आवाज, कानाशी बसून बोलावं तसा:

"दादा उतरला होता. तुम्ही दोर धरला होता."

दादा म्हणजे हिचा भाऊ, भाचीचा बाप. त्या दिवशी त्याचा गुडघा कायमचा गेला. मी आधीच बढाई मारून बसलो होतो, म्हणून बिचारा मरेपर्यंत लेकीला 'जिन्यावरून पडलो' सांगत राहिला. त्या कामाचं बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ आजही माझ्या मनगटावर.

शर्टाला बटण लावता लावता ही दर वेळी हेच पुटपुटत असणार. माझ्या आवाजापुढे कधी ऐकूच आलं नाही.

"खरंय?" भाचीने विचारलं.

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. आज मी नुसती होकाराची मान हलवली. वर बघवेना.

दारातून ही म्हणाली, "काय गं, माझी बडबड आली का मध्येच? काढून टाक ती."

"काढू, आतोबा? एका बटणाचं काम आहे."

"नको." मी माइक हिच्यासाठी टेबलापलीकडे सरकवला. "तू बस इथे. दादा उतरला तिथपासून सांग."

"इश्श, मला कुठं मोठ्यानं बोलता येतं?"

"नको बोलूस मोठ्यानं, आत्या," भाची म्हणाली. "मी वर घेईन."

"टिकटिक येईल मध्ये," असं काहीतरी म्हणत मी घड्याळ सोडलं आणि भाचीच्या पुढ्यात ठेवलं.

तिने ते उचललं नाही. परतही केलं नाही.