उंदरिणींचे डोहाळे

तस्लीमचं पत्र गेल्या दिवाळीनंतर आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र लहान होतं, अक्षर स्वच्छ होतं, प्रश्न एकच होता. म्हणजे सबब सांगायलाही जागा नव्हती. मी ते आधी एका शब्दकोशात ठेवलं, मग अधिक जाड शब्दकोशात. दहा महिने गेले.

तस्लीम खोपोलीची. मुंबईला पीएच.डी. करते आणि त्यासाठी खालापूरच्या वाड्यांवर फिरून गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची वजनं घेते. तिनं लिहिलं होतं :

‘काका, तीस वर्षांपूर्वीच्या एका शोधनिबंधात आभारांच्या ओळीत तुमचं नाव सापडलं. त्यात म्हटलंय की, उंदरिणींना गाभणपणी निकस खाणं दिलं तर पहिल्या वेळी पिल्लं हलकी होतात. पण दुसऱ्या वेळी आईच्या शरीराला सवय होते आणि पिल्लं जवळजवळ पुऱ्या वजनाची येतात. मी मोजते त्या बायांची दुसरी बाळंही हलकीच आहेत. माझे सर म्हणतात, एक तर तुझा काटा बिघडलाय, नाहीतर तू. पुढच्या दिवाळीपर्यंत प्रबंध द्यायचा आहे. ती पिल्लं तुम्ही स्वतः तोललीत ना? खरंच इतकी भरली होती का?’

भरली होती. पहिल्या वेळी पाच ग्रॅमच्या आत-बाहेर, दुसऱ्या वेळी सहाच्या. माझा काटा बरोबर होता. एवढंच कळवलं असतं तरी ते खरं ठरलं असतं, आणि ती पोर बुडाली असती.

मोहोपाड्याजवळ तेव्हा एक छोटी संशोधन संस्था होती. आता तिथे गोदाम आहे. मी तिथे वजनं टिपायच्या कामावर होतो. पांढऱ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरिणींना पुरं खाद्य, लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांत प्रथिनं निम्मी. प्रत्येकीची दोन बाळंतपणं व्हायची होती. पहिल्या वेळी देखभालीला भिवाजी होता. तो उंदरांना इतका घाबरायचा की खाद्य काठीनं आत ढकलायचा. त्यानं नोकरी सोडली, आणि दुसऱ्या वेळी आनंदीबाई आल्या.

आनंदीबाई पोशीरच्या. नवरा मोहोपाड्याच्या कारखान्यात, म्हणून तेव्हा तिथे राहायला. त्या आल्यावर महिन्याभरात मला लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या भुश्यात शेंगदाण्याची सालपटं दिसू लागली. खोलीला सुकटीचा वास येई. उंदरिणी आपलं खाद्य जास्तच शिल्लक टाकू लागल्या, आणि पिल्लं मात्र भरली. प्रयोग चालवणारे डॉक्टर आनंदानं वेडे झाले. “कमी खाऊनही भागवतात! शरीर शिकलं!” असं म्हणत त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली आणि चहा पाजला. मी चहा प्यालो. मग खोलीत जाऊन सालपटं झाडली. भुश्याबरोबरच आली असतील, असं स्वतःला सांगितलं. इतका शंकेखोर माणूस मी; पण त्या दिवशी ही समजूत मला सोयीची पडली.

गणपती गेले, तशी दिवाळी दिसू लागली. उत्तराचे पाच मसुदे झाले होते. सहावा मसुदा, माझ्या जुन्या नोंदवहीतल्या पानांच्या झेरॉक्स आणि पत्ता घातलेलं पाकीट खिशात घालून मी कर्जतहून पोशीरला गेलो. आनंदीबाईंना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिणं मला बरं वाटेना. खरं सांगायचं तर, त्या नाही म्हणाल्या तर सुटेन, असंही मनात होतं.

त्या पडवीत चवळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“अगं बया, वजनभाऊ! हाय व्हय अजून?” त्यांनी मला खालून वर पाहिलं. “किती वाळलात! घरी लाल चिठ्ठीचं खाणं चालू हाय का?”

मी बसलो. पाणी प्यालो. भाताबद्दल बोललो, नेरळच्या रस्त्याबद्दल बोललो, पुन्हा भाताबद्दल बोललो.

“भाऊ, तुमी भात बघायला नाय आलात. तोंडात काय धरलंय ते टाका.”

“त्या उंदरिणींना... तेव्हा... बाहेरचं काही खाणं... म्हणजे चुकून...”

“चुकून कशाला? मी द्यायची की!”

“रोज?”

“सोळाव्या दिवसापासनं रोज. उंदरिणीचे दिवस बावीस, बाईचे महिने नऊ. मग तिला सातवा कधी लागतो? बोटं मोजली मी. तुमी एवढी शिकलेली माणसं, तुमाला नाय सुचलं?”

मला खरंच सुचलं नव्हतं.

“सातव्यात बाईला हौसेनं खायला घालतात. हितं ती जाळीत, आन् मी तिच्याम्होरं डबा उघडायचा? घास उतरंल का? दाणे द्यायची, खोबऱ्याचा तुकडा, सुका जवळा. जवळ्याला अशा उभ्या राहायच्या, दोन पायांवर! कुंकू तेवढं नाय लावलं. पांढऱ्या अंगावर तुमच्या डॉक्टरला दिसलं असतं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. पर लाल चिठ्ठीवालींना जास्ती. नुसती कातडी उरलेली त्यांची.”

म्हणजे सवय कोणालाच झाली नव्हती. जवळा खाऊन पिल्लं भरली होती, आणि तीही नेमकी शेवटच्या दिवसांत, जेव्हा ती सर्वांत भराभर वाढतात.

मी त्यांना तस्लीमचं सांगितलं. आनंदीबाईंचे हात थांबले.

“त्या पोरीला खोटी पाडतात? माझ्या जवळ्यापायी?”

“हो.”

“आन् वाडीवरच्या बायांना काय सांगतील? दुसऱ्या खेपेला सवय व्हते?”

“कोणी सांगेल, अशी भीती आहे.”

“सवय!” त्यांनी शेंग टोपलीत फेकली. “मला चार झाली भाऊ. पोटाला सवय नाय व्हत. तोंड मागायचं बंद करतं, तेवढंच. काय लिवलंय तुमी? वाचा.”

“हा सहावा कागद,” म्हणत मी तो काढून वाचला. “‘प्रस्तुत प्रयोगात काही अंशी बाह्य अन्नाचा शिरकाव झाला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.’”

आनंदीबाईंनी कागदावर बोट आपटलं. “ह्यात मी कुठं हाय?”

“तुमचं नाव येऊ नये म्हणून...”

“का नको? मी काय भूत हाय, आपोआप दाणे पडायला? लिवा, आनंदीबाईनं घातलं. आन् हे बी लिवा, घरचं घातलं. संस्थेचा दाणा नाय घेतला.” मग त्या पुढे सरकल्या. “आन् तुमी कुठं हाय ह्यात?”

“मी फक्त वजनं...”

“सालपटं कोन झाडायचं मग? मी तर तशीच टाकायची. मला वाटायचं, भाऊ बघतो, झाडतो, बोलत नाय. म्हंजे भाऊ आपल्यातला.”

तीस वर्षं मी स्वतःला भित्रा समजत होतो आणि तीस वर्षं ही बाई मला सामील समजत होती. तिचं मत मला जास्त आवडलं. पण माझंच खरं होतं, आणि ते मी तिला सांगितलं.

“मग तसं लिवा,” त्या अजिबात न रागावता म्हणाल्या. “‘मला म्हाईत व्हतं.’ तीनच शब्द हायत. त्याला सहा कागद कशाला?”

त्यांनी नातवंडाच्या वहीतलं पान फाडून दिलं. सगळी चवळी सोलून संपली तरी माझे ते तीन शब्द होईनात. मी ‘कदाचित’ लिहिलं, खोडलं. ‘अंधुकसं’ लिहिलं, खोडलं. आनंदीबाईंना अक्षर लागत नाही. पण खोडलेलं कळतं. प्रत्येक खाडाखोडीला त्या “हं” म्हणत.

शेवटी लिहिलं : ‘तस्लीम, तुझा काटा बरोबर आहे आणि तूही. दुसऱ्या वेळी उंदरिणींना सोळाव्या दिवसापासून दाणे, खोबरं आणि जवळा मिळत होता. आनंदीबाईंनी दयेनं आणि घरून आणून तो दिला. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. खाद्य किती शिल्लक राहिलं, ते माझ्या वहीत रोजच्या रोज आहे. त्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. हे पत्र तुझ्या सरांना दाखव. उशीर केला, क्षमा कर.’

खाली मी सही केली. आनंदीबाईंनीही शाई मागितली. ती नव्हती, म्हणून पेनानं अंगठा निळा केला आणि उमटवला.

“पाकीट खिशात नाय. हातात धरा,” त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून माझ्याबरोबरच रिक्षात बसल्या. “तुमच्या भरवशावर सोडलं तर त्या पोरीची पोरं शाळेत जातील.”

नेरळच्या पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीशी दोनच माणसं होती. माझी पाळी आली. मी पाकीट दिलं, आणि लगेच मला वहीतल्या एका तारखेची शंका आली. बावीस होती की तेवीस? मी पाकीट परत घ्यायला खिडकीतून हात घातला.

“भाऊ,” मागून आनंदीबाई म्हणाल्या.

मी हात बाहेर काढला. कारकुनानं पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि विचारलं, “पुढे कोण?”