साखर वाढली श्रीमंतरावांची

पुणतांब्याच्या श्रीमंतरावांना भीती ठाऊकच नव्हती. निदान ते गावभर तसं सांगत. पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन करायला कोपरगावच्या दवाखान्यात निघाले, तेव्हाही मिशीला पीळ देत म्हणाले, "रडत जायला मी काय सत्यशीला हाय?"

सत्यशीला, त्यांची बायको, जीपच्या मागच्या सीटवर कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मागं तिचं गर्भाशय काढलं, तेव्हा टाके ओले असतानाच तिची साखर एकाएकी वाढली होती. श्रीमंतरावांनी साऱ्या वॉर्डासमोर निकाल देऊन टाकला, "भित्री हाय, म्हणून. न्हाईतर चोरून शिरा खाल्ला असंल." आल्यागेल्याला ते हा किस्सा अजून मीठमसाला लावून सांगत. आणि तीही, वेडी, आपलंच काळीज कच्चं असं मानून बसली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या सकाळी नर्सनं बोटाला सुई टोचली, तर श्रीमंतरावांची साखर चढलेली!

"मशीन बिघडलंय," ते कण्हत म्हणाले.

"मशीन ठीक आहे, काका," डॉक्टर स्नेहल म्हणाल्या. "शरीर चिरलं की त्याला धोका वाटतो, भूल दिलेली असली तरी. मग किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. त्यानं साखर वाढते. बहुतेकांची आपोआप उतरते, पण आपण लक्ष ठेवू."

"पन मी भ्यालो न्हवतो!"

"तुम्ही भ्यालात की नाही, ते शरीर विचारत नाही."

"आन् माझं गर्भाशय काढलं तवा वाढली, ती?" सत्यशीलेनं विचारलं.

"तीही बहुतेक त्यानंच, मावशी."

सत्यशीलेनं नवऱ्याकडं पाहिलं. गाऊनची नाडी सुटलेली, मिशी ओघळलेली. या माणसाच्या शब्दाला आपण इतकी वर्षं शहाणपण समजत आलो? तिला त्याचा रागही येईना. तेवढी त्याची लायकी वाटेना.

तेवढ्यात दीर वाल्मिक शहाळं घेऊन आत आला. श्रीमंतराव घाईनं पुटपुटले, "साखरंचं बोलू नगं."

"भावजी," ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यांची साखर वाढलीया. भ्याले म्हनून न्हाई, ऑपरेशननं वाढती. माझीबी तशीच वाढल्ती. ह्यांना एवढं कळायला पोट फाडून घ्यावं लागलं."

वाल्मिकला हसू आवरेना. श्रीमंतराव रागानं कुशीवर वळू गेले, टाका ओढला गेला तसे "आई गं!" करून ओरडले. गोठ्यात वैरण सरकवावी तशी तिनं त्यांच्या पाठीमागं उशी सरकवली आणि दिराला म्हणाली, "बसा जरा ह्यांच्यापाशी. मी च्या पिऊन येते."