अकरावा रकाना

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिचं नाव बारकी पडलं, ते पडलंच. पुढे ती एवढी उंच झाली की दारातून येताना मान लववावी लागे, तरी बारकीची कुणी मोठी केली नाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या औषध भांडारात सहायकाची जागा निघाली, तेव्हा ती आपलीच आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. औषधांच्या घाऊक दुकानात तिने सहा वर्षं काढली होती. कुठलं इंजेक्शन थंड कपाटात ठेवायचं, कुठल्या गोळ्यांना ओल चालत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. अर्जाचे दहा रकाने तिने एका दमात भरले. अकराव्याशी पेन थांबलं. ‘आपणांस कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा अथवा दंड झाला आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’

झाला होता. एकोणीस वर्षांची असताना. बसच्या पासची मुदत तेरा तारखेला संपली आणि तिने काळ्या पेनने तेराचे अठरा केले. इंग्रजी तिनाचा आठ करायला असा किती वेळ लागतो! तिसऱ्या दिवशी तपासनिसाने पास उजेडाकडे धरला आणि तिला बसमधून खाली उतरवलं. पुढे पोलीस चौकी, कोर्ट, दंड. कागदावर नाव मात्र भारदस्त पडलं: फसवणूक.

“कोरा सोड,” मोठी ताई फोनवर म्हणाली. “तेरा वर्षं झाली. कोण उकरून काढतंय?”

“काढतात ताई. एकदा काढलंय.”

लग्नाआधी एका दवाखान्यात नोकरीला लागताना तिने हाच रकाना कोरा सोडला होता. सात आठवडे दार वाजलं की ती आत जाऊन बसायची, दुसऱ्या कुणाला उघडायला लावायची. शेवटी चौकशीचा कागद आलाच. तिथले व्यवस्थापक चिडलेसुद्धा नाहीत. “पासचं आम्ही चालवून घेतलं असतं,” ते म्हणाले, “हे कसं चालवणार?” त्याच दुपारी तिने पिशवी उचलली.

म्हणून या वेळी तिने वेगळ्या कागदावर पान भरून लिहिलं. लिहिताना हात भरून आला, पण वाचल्यावर ते सगळं कुणा दुसऱ्याच बाईने लिहिल्यासारखं वाटलं. घरात शुद्ध लिहिणारं माणूस एकच होतं, मामंजी. तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलेला माणूस. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन घेऊन वाचायचे. नवऱ्याला पासची गोष्ट ठाऊक होती. सासऱ्यांना नव्हती.

दुपारी ते खिडकीशी बसले होते. तिने कागद पुढे केला आणि उभीच राहिली. मामंजींनी चष्मा पुसला, सगळं पान वाचलं, मग पुन्हा वरून सुरुवात केली.

“‘पोलीस’मधली ली दीर्घ,” ते म्हणाले.

“आणखी काही?”

“आणखी पुष्कळ आहे. बस.” त्यांनी लाल पेन उघडलं. “‘अजाणत्या वयात’. एकोणीस म्हणजे अजाण?”

“नाही.”

“मग काढू. ‘मैत्रिणींच्या आग्रहामुळे’. अगं, आग्रह जेवायला करतात. त्यांनी तुझा हात धरून आठ काढला का?”

“त्या नुसत्या हसत होत्या.”

“काढू. आणि हे ‘पश्चात्तापदग्ध’. दग्ध म्हणजे जळालेली. तू तर धडधाकट बसलीयेस माझ्यासमोर.”

बारकीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले; दोन्ही एकदम आवरता येईनात. मामंजींनी वर पाहिलं नाही. पानभर मजकुराच्या चार ओळी उरल्या, तेव्हा ते म्हणाले, “लाज वाटत होती सांगायला?”

“हो.”

“वाटणारच. पण ती लिहायची नसते. काय केलंस तेवढं लिहायचं.”

चार ओळींखाली बारकीने पाचवी लिहिली: ‘पूर्वी एका नोकरीच्या अर्जात मी ही गोष्ट लपवली आणि त्यामुळे ती नोकरी गेली.’

मामंजी थबकले. “हे त्यांनी कुठे विचारलंय?”

“आधीच्या सगळ्या नोकऱ्या विचारल्यात. ते सात आठवडे गाळले, तर पुन्हा तेच झालं की, मामंजी.”

त्यांनी ओळ पुन्हा वाचली, लाल पेनचं टोपण लावलं आणि कागद तिच्या हातात दिला.

मुलाखतीला टेबलापलीकडे दोघं होते. भांडाराच्या प्रमुख बाई आणि कार्यालयातले एक साहेब. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. “पाच दिवसांची का असेना, फसवणूक ती फसवणूक.”

“हो साहेब,” बारकी म्हणाली. “म्हणूनच लिहिलंय.”

साहेबांना पुढे वाद घालायचा होता, पण वादाला समोरून कुणी येईना. बाई मागे रेलून बसल्या होत्या. त्या पुढे सरकल्या. “तारीख बदलायची तुम्हाला सवय दिसते. आमचा सगळा कारभार तारखांवर चालतो. काल मुदत संपलेलं खोकं आहे, वॉर्डातून निकड आली, वरिष्ठ म्हणाले एका दिवसाने काय होतं, द्या. काय कराल?”

“खोक्याला लाल पट्टी लावून बाजूला ठेवीन आणि दुसऱ्या वॉर्डात फोन करून माल मागवीन.”

“आणि वरिष्ठ ऐकेनात?”

“त्यांना लेखी द्यायला सांगीन. लेखी म्हटलं की बहुतेकांची घाई कमी होते.”

बाई खळखळून हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांच्या आग्रहाने नेमणुकीच्या पत्रात एक अट पडली: पहिले सहा महिने कुलूपबंद औषधांची किल्ली तिच्याकडे द्यायची नाही.

पत्र वाचून मोठी ताई उसळली. “बघ! लिहिलंस म्हणून हे असं!”

“सहा महिने दुसऱ्याने कपाट उघडलं तर माझा हात मोडत नाही,” बारकी म्हणाली. “आणि ताई, या वेळी दार वाजलं तर मी उठून उघडीन.”

सोमवारी आठ वाजता ती भांडारात हजर झाली. छतापर्यंत रॅक होते, वरच्या फळ्यांसाठी चाकांची शिडी होती. बाईंनी शिडी दाखवायला हात केला, तोवर बारकीने नुसत्या टाचा उंचावून सगळ्यांत वरचं सलाईनचं खोकं खाली घेतलं, तारीख वाचली आणि म्हणाली, “हे पुढच्या महिन्यात संपतंय. आधी वापरलं जाईल असं पुढे ठेवू?”

“ठेवा,” बाई म्हणाल्या आणि शिडी कोपऱ्यात ढकलून दिली.