फळीचं दुसरं टोक

कुणी "तू बस गं खुर्चीवर" म्हटलं की याकोमिनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि यंदा स्मरणदिनाच्या समितीने नेमकं तेच म्हटलं.

नेदरलँड्समधल्या झीलंड प्रांतातल्या त्यांच्या गावात दर एक फेब्रुवारीला, एकोणीसशे त्रेपन्नच्या पुराच्या आठवणीत, समुद्राच्या बांधातल्या खिंडीत पाणी अडवायच्या लाकडी फळ्या बसवतात. ज्या घरातली माणसं बुडाली त्या घराने आपली फळी उचलायची, दोघांनी दोन टोकांना धरून. याकोमिनाची आई आणि धाकटी बहीण बुडाली. तेव्हापासून ती आणि तिचा भाऊ मारिनुस फळी उचलत आले. या हिवाळ्याच्या तोंडावर मारिनुसही गेला. आता तुमची फळी अग्निशामक दलाची पोरं उचलतील, असं एक फेब्रुवारीच्या सकाळी समितीचा अध्यक्ष बास्तियान म्हणाला. माझे हात काय गळून पडलेत, असं त्याला सुनावून ती उठली ती थेट तान्नेकेच्या दारात.

फळ्यांच्या कोठाराची किल्ली तान्नेकेच्या बापाकडे असायची. पुराच्या रात्री तो झोपून राहिला, फळ्या लागल्या नाहीत, पाणी गावात शिरलं. बाप कुढून कुढून मेला, पण गावाने डूख धरला तो लेकीवर. दर वर्षी फळ्या बसवताना ती कालव्यापलीकडे एकटीच उभी राहायची. याकोमिनाही इतक्या वर्षांत तिच्याशी कधी धड बोलली नव्हती.

दारात तिला बघून तान्नेकेच्या तोंडचं पाणीच पळालं. याकोमिनाने आढेवेढे घेतले नाहीत.

"मला दुसऱ्या टोकाला माणूस हवंय. चल."

"मी? अगं, माझ्या बापाने..."

"झोपला होता, ठाऊक आहे मला. माझाही झोपला होता. सगळं गाव घोरत होतं. बूट घाल."

दोघी बांधावर आल्या तशी माणसं मागे वळून बघायला लागली. बास्तियान अडवायला पुढे सरसावला, पण याकोमिनाने असे डोळे वटारले की तो जागच्या जागी थबकला. फळी भिजून जड झाली होती. अर्ध्या वाटेत तान्नेके रडायला लागली. याकोमिनाच्याही डोळ्यांना धार लागली होती.

"रडायचं तर रड, पण सोडू नकोस," ती म्हणाली.

फळी खाचेत बसली. मागे बास्तियान आपल्या फळीपाशी उभा होता. त्याचे तीन भाऊ गेले होते त्या रात्री. त्याने फळीचं एक टोक उचललं.

"तान्नेके," तो म्हणाला, "आमचीही जड आहे गं. धरतेस जरा?"