उजवीकडचा खालचा कोपरा

मी एक जुना पांढरा फळा आहे. हल्ली माझा मुक्काम एका सरकारी इमारतीच्या तळघरात आहे, तोंड भिंतीकडे आणि पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी. एका बाजूला मोडकं कपाट, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी जप्त केलेला पंखा. आम्ही तिघे पुरावे आहोत. पुराव्याला कोणी फडकं मारत नाही, मित्रांनो, म्हणून अंगावर धूळ बसली आहे. धुळीचं मला काही वाटत नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि आज तो बोलून मोकळा होणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर पांढरा लेप चढवला, भट्टीत भाजला, चारी कडांना ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. माझ्याबरोबरचे सगळे शाळा-कॉलेजांत गेले. माझा मात्र उजवीकडचा खालचा कोपरा वाहतुकीत चेपला, म्हणून मी दुकानात मागे पडून राहिलो. शेवटी एका बहीण-भावाने मला पसंत केलं. दोघांनी मला डोक्यावर घेऊन चार गल्ल्या पायी आणलं, ताई पुढे आणि धाकटा मागे. "बाळ्या, वळण आलं, कलंडू नकोस," असं ती दर कोपऱ्यावर सांगत होती. तोही "हो गं, हो" म्हणत जपून वळत होता.

त्यांनी मला टांगलं ते वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. वडील नुकतेच गेले होते. टेबलावर त्यांचं भिंग होतं, चिमटे होते आणि खिळ्याला एक दगडी पाटी होती. त्या पाटीची गोष्ट ताईने मला टांगता टांगता सांगितली, म्हणजे सांगितली धाकट्याला, ऐकली मी. कुणाच्या घड्याळाचा काटा वाकला, एखादा स्क्रू हरवला, की वडील ती चूक स्वतःच्या हाताने पाटीवर लिहीत आणि खाली सही करत. घड्याळ नीट करून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, की मगच पुसत, तेही स्वतःच. दुसऱ्या कुणी त्या पाटीला हात लावायचा नाही, आईनेसुद्धा नाही.

ताईने माझ्या चेपलेल्या कोपऱ्यात एक चौकोन आखला. "बाकी फळा कामाचा," ती म्हणाली. "हा चौकोन बाबांचा. नियम तोच. आपली चूक आपण लिहायची, दुरुस्त झाली की आपणच पुसायची."

पहिली ओळ धाकट्याचीच पडली. 'माल तयार आहे असं सांगितलं. नव्हता.' लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्या चेपलेल्या कोपऱ्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

आता माल कसला, ते ऐका. मनगटावर बांधायचा एक पट्टा. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने तो बांधायचा. माणूस पडला, की पट्ट्याला ते कळतं आणि मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर संदेश जातो. पट्ट्यावर एक बारीक दिवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक. कल्पना धाकट्याची, आणि ती ठोकून, आपटून, पाण्यात बुडवून तपासायचं काम ताईचं. ती पट्टा बांधून दिवसातून चाळीस वेळा गादीवर पडायची. शेजारच्या छापखानेवाल्याला वाटलं, बाईला फेफरं येतं. तो कांदा घेऊन धावत आला होता.

त्या दिवसांत धाकटा माझ्यावर फार चांगलं लिहायचा. 'स्पर्धा दुसऱ्याशी नाही, कालच्या आपल्याशी.' 'ज्याच्या हाताखाली माणसं, त्याने चूक आधी कबूल करावी.' उसनं नव्हतं ते. लिहून झालं, की मागे सरकून वाचायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा.

पट्टा चालला. दुकान सुटलं, काचेच्या इमारतीतला एक मजला आला, साठ माणसं आली. धाकट्याला सगळे 'सर' म्हणायला लागले. मीही म्हणतो, गावाबरोबर राहावं. दुकानातलं नव्या जागेत आलं ते तिघंच: ताई, मी, आणि झाडलोट करणारी मावशी. मावशी रोज सकाळी मला लख्ख पुसायची आणि चौकोनाशी आली, की फडकं असं वळवायची, जणू तिथे दिवा तेवतोय. नवी मुलं चौकोनात लिहायला आधी बिचकत. मग सरांची स्वतःची एखादी ओळ तिथे दिसे आणि त्यांनाही धीर येई.

पण सरांच्या ओळी कमी होत गेल्या. आधी महिन्याला एक, मग सणावारी एक, मग नाहीच. त्यांना आता बाहेर भाषणांची बोलावणी येत. परत आले, की नवं काहीतरी शिकून आल्यासारखे माझ्यावर लिहीत. 'बाजारात दुसरा येणारा हा पहिला हरणारा.' 'पुढाऱ्याच्या तोंडावर शंका दिसू नये.' खाली दोन-दोन रेघा. रेघ ओढताना मार्कर इतका दाबत, की माझा लेप चिरे.

मग पलीकडची कंपनी आली. तीही असाच पट्टा काढणार होती. बातमी आली त्या दिवशी सरांनी तिचं नाव माझ्या मधोमध लिहिलं, भोवती वर्तुळ काढलं आणि साठ माणसांना समोर बसवलं. "आजपासून सकाळी उठल्यावर आधी हे नाव आठवायचं," ते म्हणाले. "आपला नवा पट्टा त्यांच्या आधी दुकानात पाहिजे." माणसं मान डोलवत होती. त्यांचीही पोटं त्यावर होती.

ताईने नवा पट्टा तपासला आणि सोमवारी सकाळी चौकोनात ओळ लिहिली. 'चार्जिंग वीस टक्क्यांखाली गेलं की संदेश जात नाही, दिवा मात्र हिरवाच राहतो. तपासणीत उशिरा सापडलं.' खाली सही, तारीख. दुरुस्तीला चार महिने लागणार होते, कारण आतला एक भागच बदलायला हवा होता. ओळ राहिली. एक आठवडा गेला, दुसरा गेला, सातवा आला. माझा लेप आता म्हातारा झाला होता, शाई आत मुरत चालली होती. मला ते जाणवत होतं, पण फळ्याला विचारतो कोण?

सातव्या आठवड्यात कळलं, की पलीकडची कंपनी पंधरा दिवसांत माल बाजारात आणते आहे. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे कचेरी बघायला येणार होते. संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर सर माझ्यासमोर उभे राहिले. मावशी खिडक्या पुसत होती.

"मावशी, हा फळा सगळा साफ करा. कोपऱ्यासकट."

"कोपऱ्यात ताईंची ओळ आहे, सर. ताई पुसतील."

"मी सांगतोय ना."

"खिडकी सांगा, फरशी सांगा, संडास सांगा. दुसऱ्याची चूक मी कशी पुसू? दुरुस्त झाली का?"

सर डस्टरकडे वळले. तेवढ्यात ताई आत आली आणि दाराशीच थांबली. तिने काय ते ओळखलं.

"बाळ्या, दोन महिने दे मला. निदान सहा आठवडे तरी."

"सहा आठवड्यांनी आपल्याला कुणी विचारणार नाही, ताई. साठ घरं आहेत आपल्यावर. वीस टक्क्यांखाली कोण जाऊ देतंय? लोक रोज चार्ज करतात."

"म्हातारी माणसं विसरतात."

"पहिल्या मालानंतर लगेच दुरुस्त करू. शब्द देतो. धंद्यात थांबला तो संपला."

मग त्यांनी डस्टर उचललं आणि स्वतःच्या हाताने ती ओळ पुसली. एकदा पुसून गेली नाही, म्हणून दोनदा पुसली, मग तोंडाची वाफ देऊन रुमालाने घासली. ताई बघत होती. लहानपणी ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्याचा हात कसा धरायचा, हे तिला सुचलं नसेल. मला मात्र आजही वाटतं, की तेव्हा तिने ओरडायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी नवा पट्टा बाजारात आला, पलीकडच्यांच्या आधी दोन दिवस. टाळ्या झाल्या, केक कापला. महिन्याभरात ताई नोकरी सोडून गेली. जाताना ती माझ्यासमोर आली, चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि काही न लिहिता गेली. दुरुस्ती 'पुढच्या मालात' राहिली आणि पुढचा माल त्याच्याही पुढच्या घाईत निघाला.

आता माझ्या कौतुकाचे दिवस आले, आणि मित्रांनो, कौतुकाइतका वाईट छळ मी दुसरा पाहिला नाही. सरांच्या प्रत्येक भाषणात माझी गोष्ट असे. वडिलांची पाटी, डोक्यावरून आणलेला फळा, चुकांचा कोपरा. सांगताना ते डोळे पुसायचे, आणि ते पाणी खोटं नसायचं, हेच तर वाईट. गोष्ट गाजली तसं मला सजवून खालच्या स्वागतकक्षात लावलं. वर सुबक अक्षरांत लिहून घेतलं, 'इथे आम्ही आपली चूक आपणच लिहितो.' चौकोनात दोन-तीन गोजिरवाण्या चुका रंगवल्या, 'चहात साखर विसरलो' अशा जातीच्या. पुढे जाड काच बसवली. म्हणजे आता चूक लिहायची सोयच उरली नाही, आणि लोक समोर उभे राहून फोटो काढत. सरांना तेवढ्याने समाधान होईना. मी उठून दिसावा म्हणून त्यांनी माझ्या डावीकडे एक तिरका दिवा लावून घेतला. जागा स्वतः दाखवली, 'जरा खाली, जरा तिरका' करत.

एका मंगळवारी सकाळी एक बाई आली. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाली, सरांना भेटायचंय. सर कामात आहेत, बसा, असं उत्तर मिळालं. ती माझ्या उजवीकडच्या बुटक्या सोफ्यावर बसली. तिच्या मांडीवर एक पट्टा होता. तिचे वडील निवृत्त बस कंडक्टर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले आणि चौदा तास तिथेच होते. संदेश आला नाही. ती एका शनिवारी भेटायला गेली तेव्हा दार तोडावं लागलं, आणि मनगटावरचा दिवा हिरवा होता. तीन दिवसांनी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला. हे तिने त्या मुलीला शांतपणे सांगितलं, पाणी मागावं तितक्या शांतपणे. मुलीने पाणी दिलं आणि पुन्हा वर फोन केला. सर कामातच होते.

बाई तीन तास बसली. समोर मी. वरची सुबक अक्षरं तिने वाचली आणि ओठ आवळले. मग तिची मान हळूहळू एका बाजूला कलली. बाई शाळेत शिक्षिका होती. आधीच्या तासाला फळा नीट न पुसता गेलेल्या मास्तरांचं लिखाण वाचण्यात तिची वीस वर्षं गेली होती. सात आठवडे मुरलेली शाई पुसली तरी तिची सावली राहते, आणि ती सावली समोरून दिसत नाही. खाली बसून, तिरक्या उजेडात दिसते. त्या बुटक्या सोफ्यावर बसून आजवर कोणी मला तीन तास वाचलंच नव्हतं.

तिने एक-एक अक्षर लावलं. चार्जिंग. वीस टक्के. दिवा मात्र हिरवाच. सही. तारीख. मग पिशवीतून वडिलांच्या पट्ट्याची पावती काढली आणि तिच्यावरची तारीख पाहिली. ती माझ्यावरच्या तारखेनंतरची होती, चांगली तीन महिन्यांनंतरची. तिने फोनवर माझा फोटो काढला. रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, "सगळेच काढतात, मॅडम." बाई उठली आणि गेली. सरांना भेटायचं तिला आता काही कारण नव्हतं.

तो फोटो आणि पावती पोलिसांकडे गेली, आणि पुढचं झपाट्याने झालं. वर्दीतले लोक आले, काच उतरवली, मला कापडात गुंडाळून नेलं. सर जिन्यात उभे होते. आपणच लावून घेतलेल्या तिरक्या दिव्याने ती पुसलेली ओळ दाखवून दिली, हे त्यांना तेव्हाच उमगलं असावं.

चौकशीच्या खोलीत मला टेबलाला टेकवून उभं केलं. अधिकाऱ्याने सरांना विचारलं, "ही ओळ कोणी पुसली?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिली ओळ लिहिताना लाल झालेले ते कान मी शोधत होतो. ते पांढरे होते.

"आठवत नाही," ते म्हणाले.

मग ताईला बोलावलं. केस पिकले होते. "अक्षर तुमचं?"

"माझं."

"पुसलं कोणी?"

तिने भावाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "माझ्या भावाने," ती म्हणाली. "आणि मी दारात उभी होते. दोन पावलांवर. मी गप्प बसले, नंतर नोकरी सोडली, आणि बाहेर कुणाला काही सांगितलं नाही. त्याची चूक तो लिहील तेव्हा लिहील. माझी आत्ता लिहून घ्या."

लेखनिकाने लिहून घेतलं. तिने खाली सही केली. मागच्या बाकावर ती शिक्षिका बसली होती. तिने ताईकडे पाहिलं, माफ केल्यासारखं नाही, पण पाहिलं. सर शेवटपर्यंत मान खाली घालून होते.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. पलीकडच्या कंपनीचा पट्टा आता सगळीकडे विकला जातो म्हणे. त्यांच्या कचेरीत कसला फळा आहे, त्याच्या कोपऱ्यात काय आहे, मला ठाऊक नाही. फळ्याला मऊ फडकं वापरा, वेळेवर पुसा, असा उपदेश मी करणार नाही. मला वेळेवरच पुसलं होतं. एवढंच सांगतो, पुसायला हात उचलाल तेव्हा आधी खालची सही बघा. ओळ तुमची नसेल, तर डस्टर खाली ठेवा आणि जिची आहे तिला हाक मारा. ती दारातच उभी असेल.